रेघ कुठं मारायची?

अमरावतीत किंवा अकोल्यात बिअर महोत्सव भरत नाही. बार आहेत, परमिट रूम आहेत, उन्हाळ्यात वाइन शॉपसमोर गर्दीही असते. पण मैदानात मांडव घालून वीस-पंचवीस तऱ्हेच्या बिअर ओळीने मांडल्या आहेत आणि लोक तिकीट काढून त्या चाखत हिंडताहेत, हे पाहायचं तर वऱ्हाडातल्या माणसाला पुणं, मुंबई नाहीतर बेंगळुरू गाठावं लागतं. पुण्यात २००९ साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, मागोमाग आणखी आल्या, आणि तिकडे शिकायला-नोकरीला गेलेल्या पोरापोरींना बाटलीबाहेरची ताजी बिअर माहीत झाली. महोत्सव तिकडे भरतात. त्यांच्यावरचे वाद सुट्टीत इकडे घरी येतात.

असाच एक वाद अकोल्यातल्या एका घरात रंगला. भाची अमरावतीची, पुण्यात कार्यक्रम-आयोजनाच्या धंद्यात. खाण्यापिण्याच्या महोत्सवांचे आराखडे करणं हे तिचं काम. मामाजी वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. हयातभर किराणा दुकानांचे तराजू आणि पेट्रोलपंपांची मापं तपासलेले. तिच्या लॅपटॉपवर एका नव्या महोत्सवाचा आराखडा उघडा होता: प्रवेशासोबत एक ग्लास आणि दहा टोकन, एका टोकनला ९० मिली बिअर. मामाजींनी चष्मा वर केला.

“नव्वद मिली? बिअर हाय का खोकल्याचं औषध?”

“मामाजी, पंचवीस प्रकार आहेत. एकेकाचा पूर्ण ग्लास घेतला तर चौथ्या ग्लासाला माणूस खुर्चीत आणि एकवीस प्रकार तसेच. लोक चाखायला येतात.”

“चाखाले येते कोन? मानूस येते बसाले, बोलाले. तू त त्याले रांगेत उभं करून राह्यली.”

दोघांच्याही बाजूने जगात पुरावे आहेत, आणि ते चांगले भक्कम आहेत. भाचीच्या बाजूला अमेरिकेतलं डेन्व्हर. तिथला ‘ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल’ १९८२ साली बोल्डर या गावात सुरू झाला आणि नंतर डेन्व्हरला आला. तिथं एका वेळी मिळते फक्त एक औंस, म्हणजे जेमतेम ३० मिली. प्रवेशाचे पैसे एकदाच भरायचे आणि सत्र संपेपर्यंत हवं तितक्या वेळा ग्लास पुढे करायचा. प्रकार इतके असतात, की याहून मोठं माप ठेवलं तर शहाणा माणूसही पहिल्या तासातच गारद व्हावा. पोटात काही असावं म्हणून लोक खारे प्रेट्झेल दोऱ्यात ओवून गळ्यात घालून येतात आणि मध्ये मध्ये माळेतला एकेक तोडून खातात.

मामाजींना माळ आवडली, माप नाही. त्यांनी तिथल्या तिथं हिशेब केला. एक लिटर बिअर प्यायची तर ३० मिलीच्या मापाने माणसाला तेहतीस वेळा काउंटरवर जावं लागेल. ९० मिलीने अकरा-बारा वेळा. अर्ध्या लिटरच्या ग्लासाने दोनदा.

“आता तूच सांग, संध्याकाळी चार तास मेळा. त्यातले किती तास रांगेत?”

हा प्रश्न थट्टेचा नाही. माप लहान केलं की रांग वाढते, हे आयोजनातलं साधं गणित आहे. ओतणाऱ्याचा वेळ केवळ ओतण्यात जात नाही. टोकन घेणं, कोणती बिअर ते विचारणं, ग्लास विसळणं, फेस बसण्याची वाट पाहणं, हे सगळं ३० मिलीला लागतं तेवढंच अर्ध्या लिटरलाही लागतं. म्हणून लहान मापाच्या महोत्सवात नळ आणि माणसं दोन्ही जास्त लागतात, आणि ती नसली की पाहुण्याला बिअरऐवजी पुढच्याची पाठ लक्षात राहते. पुण्यातल्या एका महोत्सवात अशीच रांग लागल्याचं भाचीला आठवत होतं. तिने ते मान्य केलं आणि लगेच मेलबर्नचं उदाहरण काढलं. तिथल्या ‘गॅब्स’ महोत्सवात चाखण्याचं माप ८५ मिलीचं. पण ते एकेक नाही, लाकडी ताटलीवर पाच ग्लास एकदम मिळतात. माणूस एका फेरीत पाच प्रकार घेऊन टेबलाशी जातो, मित्रांमध्ये फिरवतो. पाचांची बेरीज ४२५ मिली. ऑस्ट्रेलियात ‘स्कूनर’ नावाने मिळणारा नेहमीचा ग्लासही तेवढाच. माप लहान राहिलं आणि फेऱ्या एक पंचमांश झाल्या.

“हे बरं हाय,” मामाजी म्हणाले. “पन मंग बसाले जागा लागते.”

जागेवरून गाडी म्युनिकला गेली. मामाजींचा मुलगा तिकडे नोकरीला, आणि मामाजी-मामी एकदा सप्टेंबरअखेर तिकडे जाऊन ऑक्टोबरफेस्ट पाहून आलेले. हा मेळा १८१० सालचा. बव्हेरियाच्या युवराजाच्या लग्नानिमित्त सुरू झालेला. तिथं बिअर म्युनिक शहरातल्या सहा ब्रुअरींचीच, आणि माप एकच: एक लिटरचा जाड काचेचा मग. चव घेत हिंडणं हा तिथला रिवाजच नाही. मोठमोठ्या मांडवांमध्ये लांब बाकं, घरच्या घरं एका बाकावर, बँड वाजतोय, आणि वाढणाऱ्या बाया दोन्ही हातांत मिळून दहा-दहा मग उचलून आणताहेत.

“तुले सांगतो, बहिरमच होय ते. जत्रा महिन्याची अन् मानसं राहुटीत.”

तुलना अगदीच फेकलेली नव्हती. चांदूर बाजार तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा डिसेंबरात सुरू होते आणि जानेवारीभर चालते. हंडीतलं मटण आणि रोडगे यांसाठी ती वऱ्हाडभर ओळखली जाते. तिथं कुणी चमचाभर मटण दहा राहुट्यांत चाखत फिरत नाही. नातलग, सोयरे जमतात, राहुटी टाकतात, हंडी चढते, आणि माप ठरतं ते पंगतीवरून. ऑक्टोबरफेस्टचा लिटरचा मग हा असाच बाकावर बसलेल्या माणसाचा आहे, तर डेन्व्हरचा औंस उभ्याने हिंडणाऱ्याचा. मैदानात बाकं किती आणि वाटा किती, हे ठरवणारा मापही ठरवत असतो.

भाचीने मान हलवली, पण सोडलं नाही. “बहिरमला थंडी असते मामाजी. म्युनिकलाही. तुम्ही अकोल्यात मे महिन्यात एक लिटरचा मग देऊन पाहा. पारा पंचेचाळीसच्या वर. अर्धा होईपर्यंत खालची बिअर कोमट. नव्वद मिली थंडच संपते.”

“प्लास्टिकच्या कपात नव्वद मिली दोन मिनिटांत गरम होते. अन् रांगेतून टेबलापर्यंत येतायेताच दोन मिनिटं जातेत.”

इथं दोघंही बरोबर होते. मोठ्या मगातली बिअर सावकाश तापते, पण ती संपायलाही वेळ लागतो. लहान कपातली झटकन तापते, पण झटकन संपते. फरक पडतो तो काचेने आणि सावलीने. आपल्याकडचे महोत्सव थंडीच्या महिन्यांत भरवलेलेच बरे. नाशिकच्या सुला वाइनरीने २००८ पासून भरवलेला सुला फेस्टही साधारण फेब्रुवारीतला. तिथं गेलेल्या भाचीला वाइन चाखण्याची रीत ठाऊक होती: ग्लासात थोडीशी घ्यायची, फिरवायची, वास घ्यायचा, तोंडात घोळवायची, आणि खूप प्रकार चाखायचे असतील तर शेजारच्या भांड्यात थुंकायची.

“थुंकाची? पैशे देऊन?”

बिअरमध्ये ती सोयही नाही. कडवटपणाची शेवटची छटा घोट गिळल्यावरच कळते असं बिअर पारखणारे मानतात, म्हणून ते गिळतात. याचा अर्थ, जे ओतलं ते पोटात जाणारच. त्यामुळे वाइनपेक्षा बिअरच्या मेळ्यात मापाला जास्त महत्त्व येतं. भाचीने कागदावर आकडे मांडले. म्युनिकच्या मेळ्यातली बिअर साधारण सहा टक्क्यांची. एका लिटरमध्ये ६० मिली शुद्ध मद्यार्क. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या हिशेबात दोन लार्ज पेग आणि वर थोडी. हे एका मगात. तिची दहा टोकन म्हणजे ९०० मिली, पाच टक्क्यांची बिअर धरली तर ४५ मिली मद्यार्क, पावणेदोन लार्ज. आणि तेही चार तासांत, दहा घोटांनी विभागून. भारतात सर्वाधिक खपते ती स्ट्राँग बिअर, आठ टक्क्यांपर्यंतची. तिची ६५० मिलीची एक बाटलीही दोन लार्जच्या घरात जाते, हे बाटली उघडणाऱ्या कितीकांना ठाऊक नसतं.

“म्हणून लहान माप म्हणजे कमी पिणं,” ती म्हणाली.

“कोलोनले जाऊन ये एकदा.”

कोलोन हे मामाजींचं हुकमाचं पान होतं. म्युनिकपासून काही तासांवरच्या या शहरात क्योल्श नावाची बिअर मिळते, २०० मिलीच्या उभट, बारीक ग्लासात. ग्लास रिकामा झाला की वेटर न विचारता भरलेला ठेवतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. आता बस, हे सांगायचं तर चकती ग्लासावर झाकायची. जो झाकत नाही त्याच्या चकतीवर रेघा वाढत जातात. एकाच देशात एका शहराचं माप दुसऱ्याच्या पाचपट, पण लहान ग्लासवाला शुद्धीत आणि मोठ्या ग्लासवाला झिंगलेला असं काही तिथं दिसत नाही. लहान माप प्यायला कमी लावत नाही. किती झाली ते मोजायला सोपं करतं, आणि तेही मोजायची इच्छा असेल तर. डेन्व्हरच्या पद्धतीत, एकदा पैसे भरून हवं तितकं, ही मोजदादच सुटते. टोकनात ती राहते. म्हणून भाचीची टोकनपद्धत डेन्व्हरहून वेगळी आहे, आणि हे तिला मामाजींच्या उदाहरणाने अधिक नीट मांडता आलं.

मग मामाजींनी खात्याचा विषय काढला. आतापर्यंत गप्पा होत्या, इथून चौकशी सुरू झाली.

“नव्वद मिली म्हन्ते तू. कोनत्या मापानं? पेगाचं माप असते, तीसचं, साठचं, शिक्का मारलेलं. तुह्या ग्लासावर काय हाय?”

ग्लासावर महोत्सवाचं चित्र होतं. रेघ नव्हती.

बिअरच्या मापातली खरी भानगड फेसात आहे. पायलीने ज्वारी मोजताना शीग लावायची की वरून हात फिरवून सपाट करायची, यावरून अडत्याशी जशी हुज्जत व्हायची, तशीच ही; फरक इतकाच, की इथं शीग गिऱ्हाइकाच्या पदरात पडत नाही, विरून जाते. मोठ्या ग्लासात दोन बोटं फेस चालून जातो, शोभतोही. नव्वद मिलीच्या ग्लासात तेवढाच फेस म्हणजे तिसरा हिस्सा हवा. माप जितकं लहान तितकी फेसाची चोरी मोठी, मग ती मुद्दाम केलेली असो वा घाईत झालेली.

याची काळजी तिकडच्या लोकांनी जुनीच घेतली आहे. म्युनिकमध्ये मगावर लिटरची रेघ असते, आणि कमी भरणाऱ्यांवर नजर ठेवणारी पिणाऱ्यांची एक संघटनाच आहे. ब्रिटनमध्ये १९७१ साली स्थापन झालेल्या ‘कॅमरा’ या ग्राहक चळवळीने १९७५ मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डनला बिअरचा मेळा भरवला आणि १९७७ पासून ‘ग्रेट ब्रिटिश बिअर फेस्टिव्हल’ सुरू केला. कॅमराच्या मेळ्यांतल्या ग्लासाला तीन रेघा असतात: पूर्ण पाइंट म्हणजे ५६८ मिली, अर्धा, आणि एक तृतीयांश म्हणजे १८९ मिली. ग्लास रेघेहून थोडा उंच असतो, म्हणजे बिअर रेघेपर्यंत आणि फेस वर. ब्रिटिश पबमध्ये मात्र काठोकाठचा ग्लास चालतो, आणि धंद्याचीच मार्गदर्शक सूचना फेसापायी पाच टक्क्यांची सूट देते. कॅमरा पूर्ण पाइंटसाठी भांडत आली ती याच सुटीवरून. तिथं कायद्याने मापं ठरलेली आहेत आणि दोन तृतीयांश पाइंटला २०११ साली परवानगी मिळाली, म्हणजे मधलं एक माप वाढवायलाही सरकारदरबारी जावं लागलं.

“एकाच ग्लासावर तीन रेघा,” मामाजी म्हणाले. “ज्याले चाखाची त्यानं खालच्या रेघेपर्यंत घ्यावी, ज्याले बसाचं त्यानं वरच्या. तुह्या महोत्सवात सारेच चाखनारे, हे कोनं ठरवलं?”

भाचीची अडचण वेगळी होती. उंच, रेघेचा ग्लास महाग पडतो. आणि आपल्याकडे ग्लास काठापर्यंत भरलेला नसला की लोकांना फसवलं असं वाटतं. वर दोन बोटं मोकळी दिसली की काउंटरवरच्या पोराशी भांडण. वास साठायला ती मोकळी जागा लागते, हे रांगेतल्या दोनशेव्या माणसाला समजावणार कोण?

“पाटी लाव. ‘रेघेपर्यंत ९० मिली. कमी वाटल्यास भरून मागा.’ मराठीत लाव.”

“आणि दर?”

“दरही लाव. शंभर मिलीचा.”

इथं ती अडली. समजा टोकन शंभर रुपयांचं. नव्वद मिलीला शंभर, म्हणजे ६५० मिलीच्या बाटलीला सातशे बावीस रुपये. हा आकडा पाटीवर आला तर कोण येईल? तिच्या मते तो अन्यायही होता. त्या शंभरात मैदानाचं भाडं आहे, उत्पादन शुल्क खात्याचा तात्पुरता परवाना आहे, बर्फ, काच, सफाई, सुरक्षा रक्षक, बँड आहे. बाटलीशी तुलनाच चूक. मामाजींचं म्हणणं, खर्च खुशाल लावा, पण गिऱ्हाइकाला भागाकार करायला लावू नका. टोकन हे नाणं मुद्दाम वेगळं असतं, त्यात पैसे किती गेले ते कळत नाही.

मामी इतका वेळ सांडग्यांचं ताट उन्हात सरकवत होत्या. त्यांचं माहेर तिवसा तालुक्यातलं, मोझरीच्या जवळचं. तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजाच्या पंचक्रोशीत वाढलेल्या माणसाचं या विषयावर तिसरंच मत असतं.

“ग्लास लहान द्या का मोठा, पहिलं सांगा, हे घरी कसे येतीन?”

प्रश्नाने दोघंही गप्प झाले, कारण आराखड्यात त्याचं पान नव्हतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त मद्यार्क असताना गाडी चालवणं गुन्हा आहे, आणि २०१९ पासून पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दहा टोकन संपवलेल्या कुणीही किल्ली हातात घेऊ नये, हे उघड आहे. शिवाय हा दारूबंदी अधिनियमाचा प्रदेश: १९४९ चा तो कायदा राज्यात आजही आहे, पिणाऱ्याला परवाना लागतो, एक दिवसाचा पाच रुपयांत मिळतो, आणि बिअरसाठी वयाची अट एकवीस वर्षांची. अमरावतीहून नागपूरला निघालं की तळेगाव, कारंजा घाडगे हा महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो. तिथं गांधीजींच्या सेवाग्राममुळे पूर्ण दारूबंदी. इकडे जे रीतसर, ते तिकडे गुन्हा. म्युनिकच्या मेळ्याच्या दाराशी भुयारी रेल्वेचं स्टेशन आहे. आपल्याकडचं मैदान शहराबाहेर, हमरस्त्याला, आणि येणारे सगळे आपापल्या गाडीने.

“अन् पानी?” मामींनी विचारलं. “पानी फुकट का त्यालेही टोकन?”

पाण्याच्या बाटल्या विकायच्या असं आराखड्यात होतं. भाचीने ते खोडलं.

तासाभरात पान बरंच बदललं. मापं दोन झाली, ९० आणि ३००. ग्लासावर दोन रेघा आल्या. चाखणाऱ्यांसाठी पाच ग्लासांची ताटली, बसणाऱ्यांसाठी बाकं, बायकांची स्वच्छतागृहं वाढवली, आणि रेल्वे स्टेशनापर्यंत बस. दराची पाटी दोन्ही मापांची लागेल, शंभर मिलीची नाही; त्यावर मामाजींनी आपला विरोध नोंदवून ठेवला.

“अन् टोकन उरले त?”

“पुढच्या वर्षी चालतील.”

“पुढच्या वर्षी तू महोत्सव भरवशीन, याची पावती देतं काय?”

ती म्हणाली, उरलेल्या टोकनांवरच तर बसचा खर्च निघतो. मामाजी म्हणाले, मग बसचं तिकीट लाव आणि टोकनचे पैसे परत कर. भाचीने तो रकाना कोरा सोडला आणि दोन हजार माणसांना पाण्याची पिंपं किती लागतील, ते मामींना विचारायला घेतलं.